कॅप्टन जगला म्हणणारे घरमालक

बंगळूरमध्ये घर शोधत होते तेव्हा घरमालक काय काय विचारतात याची मला सवय झाली होती. मांसमच्छी खाता का, लग्न कधी करणार, ऑफिसातून किती वाजता येता. चामराजपेटेतल्या या घरमालकांनी यातलं काही विचारलं नाही. ते दारात उभे होते. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्याचं झाकण ते चारी बाजूंनी अंगठ्यानं दाबून बघत होते. ते काम संपवून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ते अंतराळाचं तीन भागांचं पिक्चर बघितलंय काय तुम्ही? शेवटी कॅप्टन मेला की जगला?"

मी बघितलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मग बघा आणि सांगा. घाई नाही. शनिवारी दोन भाग, रविवारी एक. जेवण इथंच."

वरची खोली मला फार आवडली होती. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड होतं आणि मेट्रो दहा मिनिटांवर. मी शनिवारी सकाळी नऊला हजर झाले.

मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. घर मराठी, पण आमच्या साताऱ्याकडचं मराठी नव्हे. अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले. "काम झाल्यावर परत जायचं होतं," अण्णा सांगत, "पण काम झालं म्हणून कुणी सांगितलंच नाही." त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला 'बरं'च्या जागी कानडी 'सरी' यायचं आणि कुणाला थांबवायचं असलं की ते 'स्वल्प' म्हणून तळहात पुढं करायचे. मला ते नावानं हाक मारत नसत. 'ओ सातारा' म्हणत. माझ्या आधीचे भाडेकरू धारवाड होते, त्यांच्या आधीचे नांदेड.

अण्णांनी एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी केली. तिथं रबरी सील बनायची, झाकणांच्या आणि पाइपांच्या जोडात बसवतात ती. त्यातून हवा किंवा पाणी निसटतं का, हे बघायचं आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्के तीन होते. पास, नापास आणि होल्ड. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. दुधाची पिशवी घरात आली की ते ती कानाशी धरून पिळत. लग्नात पंगतीला बसले की पाण्याची बाटली आधी उलटी करून बघत. लोणच्याची बरणी दुकानदाराच्या समोर वर्तमानपत्रावर पालथी घालून पाच मिनिटं गप्प उभे राहत आणि मागची रांग वाढत जाई. "झाकण लागल्यासारखं दिसतंय म्हणजे लागलंय असं नव्हे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. अक्कांनी त्यांना कुकरजवळ यायची बंदी केली होती, कारण शिटीच्या आधी ते झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे आणि भाताला उशीर व्हायचा.

तर ते पिक्चर. पहिल्या भागात यंत्रं माणसांचं शहर घेतात. दुसऱ्यात कॅप्टन ते परत घेतो. तिसऱ्यात सगळ्यांना वाचवायला तो एकटा मागं राहतो आणि अख्खं यान स्वतःसकट उडवून देतो. धूर बसतो. पत्र्यांच्या ढिगाऱ्यात त्याचं हेल्मेट तेवढं दिसतं. आत डोकं आहे की नाही तेही कळत नाही. मग त्या हेल्मेटच्या काचेवर धुक्याचा एक डाग उमटतो आणि पिक्चर संपतं.

सगळं भांडण त्या डागावरून होतं. धुकं आतून असेल तर तो श्वास, म्हणजे कॅप्टन जगला. बाहेरून असेल तर ती फुटलेल्या नळाची वाफ, म्हणजे मेला.

हे मला नंतर कळलं. त्या रविवारी अक्कांनी जेवायला पुरणपोळी केली होती, आणि तिसऱ्या भागाच्या मध्यंतरानंतर मला झोप लागली. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती आणि अण्णा माझ्याकडं बघत होते.

"काय वाटतं?"

मी शेवग्याचं झाड आठवलं आणि म्हणाले, "जगला."

अण्णांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

या भांडणाची दुसरी बाजू चिकपेटेत होती. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र, तेही आपल्यातलेच, साडीच्या फॉलचे आणि अस्तरांचे घाऊक व्यापारी. अण्णा त्यांना नुसतं 'चिकपेट' म्हणायचे. दोघांनी आयुष्यभर प्रत्येक पिक्चर जोडीनं बघितलं होतं. पुढचं मला अक्कांनी सांगितलं. तिसरा भाग बघून दोघं बाहेर आले. स्कूटर काढताना अण्णा म्हणाले, "जगला बाबा एकदाचा." चिकपेट म्हणाले, "कोण जगला? मेला की." तिथंच तास गेला. मग दोघं त्याच एका स्कूटरवरून एक शब्द न बोलता घरी आले. चिकपेट कोपऱ्यावर उतरले आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. मी राहायला आले तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती.

"नऊ वर्षं?" मी विचारलं.

"मला विचारशील तर तो कॅप्टन पहिल्याच भागात मरायला हवा होता," अक्का म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

बोलणं बंद असलं तरी भेटणं बंद नव्हतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्या पिक्चरच्या चाहत्यांची सभा भरायची. तीसेक जण असत. सगळे माझ्या वयाचे, संगणकावर काम करणारे, आणि त्यांच्यात हे दोन म्हातारे, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या. ते एकमेकांशी थेट बोलत नसत. जे काही सांगायचं ते अध्यक्षांमार्फत. अध्यक्ष ही एक दातांची डॉक्टर होती, कन्नड मुलगी, शांत स्वभावाची. अडचण एवढीच होती की चिडले की दोघंही मराठीवर येत, आणि तिला मराठीचा गंध नव्हता.

म्हणून अण्णा मला घेऊन जायला लागले. मी दोघांचं बोलणं इंग्रजीत करून अध्यक्षांना सांगायचे. अध्यक्ष मान हलवायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "तुमचं उत्तर?" समोरच्यानं ते मराठी आधीच ऐकलेलं असायचं. तरी तो माझं संपेपर्यंत थांबायचा.

"अध्यक्ष महाराज, यांना सांगा, एकतीस वर्षं मी सील तपासलीत. हवा कुठून येते ते मला कळतं."

"अध्यक्ष महाराज, यांना सांगा, चाळीस वर्षं मी कापड विकतोय. ओल आतून आलीय की बाहेरून, हे मलाही कळतं."

असं दीड तास चाले. मग सगळे खाली जाऊन इडली खात. त्यांची टेबलंही वेगळी असत.

एका सभेत चिकपेटांनी मुद्दा काढला की धुकं काचेच्या कडेनं सुरू होतं, मधून नव्हे. अण्णा उठले. "आमच्याकडं साक्षीदार आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदा बघितलेला, ताज्या डोळ्याचा." आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. "ओ सातारा, सांगा. धुकं कुठून सुरू झालं?"

तीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी 'मधून' म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण अण्णा इतक्या विश्वासानं बघत होते की मला ते जमेना.

"मी झोपले होते," मी म्हणाले. मराठीत, इंग्रजीत आणि मोडक्या कन्नडमध्येही.

हॉलमध्ये हसू उसळलं. चिकपेट मात्र हसले नाहीत. अण्णा खाली बसले.  मी रात्रभर नवीन घरांच्या जाहिराती बघितल्या.

सकाळी दार वाजलं. अण्णा उभे होते.

"तपासणी खात्यात सगळ्यात वाईट गुन्हा कुठला ठाऊक आहे? न बघता केलेली सही. तुम्ही ती करून माझ्या घरात शिरलात."

"चुकलं माझं."

"काल तीस लोकांसमोर मागं घेतलीत. ते सोपं नसतं. आमच्या कारखान्यात कुणी घेतली नाही." त्यांनी जिन्याकडं हात केला. "खाली चला. मध्यंतरापासून दाखवतो. अक्का कॉफी कडक करतीय."

या वेळी मी डोळे फाडून बघितलं. डाग उमटला, अण्णांनी पिक्चर थांबवलं. मी पडद्याच्या जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. शेवटी म्हणाले, "अण्णा, खरं सांगते. मला नाही कळत."

"सरी," ते म्हणाले. "मग तुम्ही होल्ड." आणि पुढं जितके दिवस मी त्या घरात राहिले, तितके दिवस होल्डवर राहिले.

माझी साक्ष गेल्यामुळं आता त्यांना दुसरा पुरावा लागत होता. पुढचा महिनाभर जिन्याखाली काहीतरी घासाघासी चालली होती. सभेच्या दिवशी त्यांनी पिशवीतून पूर्ण तोंड झाकणारं स्कूटरचं हेल्मेट काढलं. त्याची हवेची भोकं त्यांनी बुजवली होती, काच चिकटवून टाकली होती आणि खाली गळ्याला बसेल अशी जाड रबरी पट्टी लावली होती, कारखान्यातल्या जुन्या नमुन्यांतली. मुद्दा असा, की आतल्या श्वासाचं धुकं काचेच्या मधोमध सुरू होतं हे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवणार होते.

"धुकं आलं की मी दोन्ही हात वर करीन," ते म्हणाले. "मग सगळ्यांनी जवळ येऊन बघायचं." अध्यक्षांनी हे धोक्याचं नाही ना, असं विचारलं. अण्णांनी तळहात पुढं केला. "स्वल्प," म्हणाले आणि हेल्मेट घातलं.

ते खुर्चीवर ताठ बसले. थोड्याच वेळात काचेवर धुकं आलं, आणि खरंच मधोमध आलं. अण्णांनी दोन्ही हात वर केले. टाळ्या पडल्या. लोक जवळ जाऊन फोटो काढायला लागले. अण्णांनी गळ्याच्या पट्टीला हात घातला, ओढली, परत दोन्ही हात वर केले. टाळ्या वाढल्या. कुणीतरी शिट्टी मारली. ते उभे राहिले आणि हात जोरजोरात हलवायला लागले. मीसुद्धा टाळ्या वाजवत होते, हे मला आजही आठवतं आणि बरं वाटत नाही.

उजव्या कडेचे चिकपेट तेवढ्यात उठले. ते धावले असं म्हणता येणार नाही, त्यांचे गुडघे धावण्यातले नव्हते. पण खुर्च्या ढकलत ते सरळ अण्णांपाशी गेले, सदऱ्याच्या खिशातून कापड कापायची छोटी कात्री काढली, डाव्या हातानं अण्णांची मान घट्ट धरली आणि ती रबरी पट्टी कचकच कापून काढली. हेल्मेट खाली पडलं. अण्णा घामानं निथळत होते. ओठ पांढरे पडले होते.

 अध्यक्षांनी नाडी धरली. अण्णांनी चार-पाच मोठे श्वास घेतले आणि पहिलं वाक्य बोलले, "अध्यक्ष महाराज, यांना विचारा, धुकं मधून आलं की नाही?"

मी भाषांतर करायच्या मनःस्थितीत नव्हते. गरजही पडली नाही.

"अध्यक्ष महाराज, यांना सांगा, मी काच बघत नव्हतो. मी नखं बघत होतो. निळी पडली होती." चिकपेट म्हणाले. कात्री खिशात परत जात नव्हती. "चाळीस वर्षं रंग ओळखतोय मी."

दोघं आपापल्या कडेला जाऊन बसले. सभा बरखास्त झाली. इडली खाताना टेबलं वेगळीच होती, पण अण्णांची कॉफी चिकपेटांनी सांगितली, हे मी काउंटरवर ऐकलं. घरी आल्यावर अक्कांनी अण्णांच्या गळ्यावरच्या वळाला तूप लावलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सील मात्र उत्तम होतं."

याला सहा महिने झाले असतील. एका सकाळी माझ्या फोनवर अध्यक्षांचा निरोप आला. त्या पिक्चरचा चौथा भाग येणार होता. दहा वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. सोबत एक लहानशी झलक होती. तीत ढिगारा, हेल्मेट आणि हेल्मेट काढून उठून बसणारा कॅप्टन. थोडा पिकलेला, पण तोच.

अण्णा जिंकले होते.

दिवसभर फोन वाजत राहिला. संध्याकाळी अध्यक्ष स्वतः म्हैसूरपाकचा डबा घेऊन आल्या. अण्णांनी तो घेतला, झाकण न तपासता टेबलावर ठेवला आणि आत जाऊन झोपले.  तीन दिवस दुधाची पिशवी तशीच फ्रीजमध्ये गेली. चौथ्या दिवशी अक्का वर आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघ्यांमुळं.

"आज मी मुद्दाम कुकर लावून हाक मारली," त्या म्हणाल्या. "हात ठेवायला आले नाहीत. तू जरा बघ गं."

मी खाली गेले. अण्णा चपला घालत होते. "चिकपेटला जायचंय," म्हणाले. "सोबत चला."

मार्केटच्या स्टेशनातून मेट्रोनं एकच स्टेशन. बाहेर पडल्यावर गर्दीत ते माझ्या पुढं चालत होते. दुकान दोन हात पसरले तर भिंतींना लागतील एवढं होतं. दोन्हीकडं छतापर्यंत फॉलच्या घड्या, नुसत्या गुलाबीच्याच तीस. चिकपेट गादीवर बसले होते. समोर दोन बायका साडीला फॉल लावून बघत होत्या. अण्णांना बघून त्यांनी गजपट्टी खाली ठेवली.

"ओ सातारा," अण्णा म्हणाले, "यांना सांगा—"

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "इथं अध्यक्ष नाहीत. तुम्हीच सांगा."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मग एकमेकांकडं. बायकांपैकी एक चिकपेटांना म्हणाली, "शेठ, हा गुलाबी जातो का बघा."

"चौथा भाग मी बघणार नाही," अण्णा म्हणाले.

"का? बघ की. तू जिंकलास. सगळे म्हणतायत."

"मी कुठं जिंकलो? माल तपासला, शिक्का मारला, गाडी सुटली. दहा वर्षांनी कोणतरी आत नवा तुकडा घालतो आणि म्हणतो, बघा, तुमचा शिक्का बरोबर. तो माझा शिक्का नव्हे."

"पण तो जगला ना."

"जगलाच होता. तिसऱ्या भागातच जगला होता. त्याला हे लोक कशाला लागतात?"

 "मेला होता रे," चिकपेट हळूच म्हणाले. "चांगला मेला होता. मी किती रडलो होतो, तुला दाखवलं नाही. स्कूटरवर मागं बसून रडत होतो. तू आपला म्हणतोस जगला, जगला. मला वाटलं, याला काही कळलंच नाही."

"मला वाटलं, तू मुद्दाम बोलेनास."

"बोललो असतो तर रडतोय ते कळलं असतं की."

अण्णा गादीच्या कडेवर टेकले. चिकपेटांनी शेजारच्या दुकानाकडं तोंड करून तीन कॉफ्या सांगितल्या. कॉफी येईपर्यंत ते एकमेकांकडं न बघता बसले होते. पहिला घोट घेतल्यावर अण्णा म्हणाले, "पण धुकं मधून होतं."

"कडेनं होतं."

"तुझी नजर फॉलवर गेलीय. तुला कडच दिसणार."

"आणि तुला भोकच दिसणार."

त्यानंतर मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. त्या बायका गुलाबी फॉल स्वतःच निवडून, पट्टीनं स्वतःच मोजून गेल्या. शेवटी मी बाहेर येऊन अक्कांना फोन केला.

"भांडतायत का?" त्यांनी विचारलं.

"हो. थेट."

पलीकडं कुकरची शिटी झाली. "मग चिकपेटांना जेवायलाच घेऊन या म्हणावं," अक्का म्हणाल्या.

चौथा भाग आला तेव्हा त्या दोघांनी बघितला नाही. सभेतल्या सगळ्यांना ताकीद गेली, की त्यांच्यासमोर एक अक्षर काढायचं नाही. आठवडाभर अण्णांच्या घरचं वर्तमानपत्र आधी अक्का वाचत आणि सिनेमाचं पान कापून मग पुढं देत. चिकपेट रोज दुपारी दुकान मुलीवर सोपवून आमच्या व्हरांड्यात येऊन बसत. मला मात्र राहवेना. होल्डवरच्या माणसाला बघायला हरकत नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि शनिवारी एकटीच दुपारच्या खेळाला जाऊन आले. त्यात अगदी पहिल्या पाच मिनिटांत ते धुकं कसं आलं ते दाखवलं होतं, स्वच्छ, शंका राहू नये असं.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघं व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. फाटक वाजलं तसे गप्प झाले. माझ्या हातात पिक्चरचं तिकीट नव्हतं, मी काही बोलले नव्हते. तरी अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तळहात पुढं केला.

"स्वल्प. तिथंच थांबा. बघून आलात."

"हो."

चिकपेटांनी पटकन डोळ्यांवर हात घेतला. "तोंडावर दिसतंय काय रे?"

"दिसतंय. पुरतं दिसायच्या आत वळवा हो ते. भिंतीकडं तोंड करून वर जावा."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि जिना चढायला लागले, अठरा पायऱ्या, एक हात चुन्यावर घासत, खेकड्यासारखी आडवी. वळणावर पोचले. मग चिकपेटांचा आवाज आला, "तर मी काय म्हणत होतो," आणि खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.